शेठाणी उकळते

॥ श्री ॥
काळाचौकी
११ ऑक्टोबर १९५७

भिवा,

वरचा श्री सवयीने लिहिला गेला. चालत नसेल तर त्याच्या खालून वाच. हे पत्र समेटासाठी नाही, हे आधीच सांगून टाकतो. भुसावळचा तुझा पत्ता रखमावहिनीच्या भावाकडून काढला, त्यालाही मी हेच सांगितलं. काम गाडीचं आहे, माझं नाही.

शेठाणी सकाळी उठत नाही. हँडल मारून मारून माझा खांदा गेला. इंजिनाचे पॉइंट जळालेत एवढं मलाही कळतं, पण नवे आणू कुठून? ऑपेरा हाऊसजवळच्या एका शोरूममध्ये गेलो. तिथल्या माणसाने गाडीचं साल विचारलं. छत्तीस म्हटल्यावर त्याने टेबलावरचा पंखा माझ्याकडे वळवला आणि चहा मागवला. ज्याच्या घरात मयत झालीय त्याच्याशी वागतात तसा माझ्याशी वागला. परदेशी माल यायचा बंद झालाय, आणि आला तरी पॅकार्डचा कोण आणणार, म्हणाला. चोरबाजारात गेलो तर एकाने मला फोर्डचे पॉइंट पॅकार्डचे म्हणून दाखवले. बेहराम शेठची गाडी चालवण्यात माझी उमर गेली आणि हा मला फोर्ड शिकवतो.

तुझ्याकडे रेल्वेचा कारखाना आहे. कुठून तरी जमव, नाहीतर बनव. मी उपकार मागत नाही, अर्धी गाडी तुझी आहे. शेठ वारल्यावर बाईंनी ती मला दिली तेव्हा ती विटांवर उभी होती. तू परळच्या वर्कशॉपातून सुटलास की घरी न जाता तिच्याखाली आडवा व्हायचास, आणि वहिनी डबा तिथेच आणून द्यायची. एक अख्खा पावसाळा तू तिच्या पोटाखाली काढलास. ती उठली त्या दिवशी मी म्हटलं, अर्धी तुझी. ते मी भांडणातसुद्धा मागे घेतलेलं नाही. आठवून बघ.

भांडण मला उकरायचं नाही. पण तिकडे तू लोकांना काय सांगतोस कोण जाणे, म्हणून माझी बाजू लिहून ठेवतो. गेल्या साली दसऱ्याला तू नागपूरला होतास. दरसाल गाडीची पूजा आपण दोघं करायचो, ती मी एकट्याने केली. तू परत आलास, नवा धर्म घेऊन आलास, मी काही बोललो का? तुझ्या हातचे पेढे खाल्ले. मग तुळशीचं लग्न लागलं, वराती सुरू झाल्या आणि पहिल्याच वरातीत लालबागच्या नाक्यावर गाडी उकळली. नवरदेव आत, वाजंत्री पुढे आणि बॉनेटमधून वाफ. कुणीतरी तुला कळवलं, तू वर्कशॉपातून धावत आलास. आलास तो पाणी मागितलं नाहीस, बॉनेट उघडलं नाहीस. "दत्ता, आधी हे काढ," म्हणालास आणि पुढचा झेंडूचा हार ओढून रस्त्यात टाकलास. एवढ्या लोकांदेखत. मग माझी जीभ सुटली. तू बाटलास तो बाटलास, माझ्या गाडीला कशाला बाटवतोस, असं मी म्हणालो. वाईट बोललो. पण हार तू ओढलास हेही खरं, आणि तो मी देवापुढे ठेवून मग गाडीला घातलेला हार होता. तू सुताच्या वेस्टने हात पुसलेस आणि गेलास. महिन्याभरात बदली मागून भुसावळ गाठलंस. असं कोणी करतं का रे?

असो. तुझ्या नलूचं तेवढं लक्षात ठेव. ती दहा वर्षांची असताना पुढच्या सीटवर उभी राहून हॉर्न दाबत बसायची. तेव्हा मी तिला सांगितलंय, तुझ्या लग्नात तू आणि तुझा नवरा याच गाडीतून घरी जाणार आणि गाडी मी चालवणार. तो शब्द तुला दिलेला नाही, पोरीला दिलेला आहे. तेवढ्यासाठी शेठाणी चालती ठेवायची आहे. नाहीतर रे रोडचा कासमभाई भंगारवाला मधूनमधून येऊन टायरावर लाथ मारून बघतोच आहे.

पॉइंट पाठव. ब्रेकही जरा मऊ लागतात, पण ते नंतर.

दत्ताराम


॥ श्री ॥
काळाचौकी
१ डिसेंबर १९५७

भिवा,

पार्सल मिळालं. पॉइंट फिट बसले. शेठाणी पहिल्या हँडलला उठली आणि अख्ख्या चाळीने गॅलरीतून खाली बघितलं. बकुळाने तिच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

पण चिठ्ठी कुठे आहे? डबी उलटी केली, गुंडाळलेलं वर्तमानपत्र दोन्ही बाजूंनी वाचलं. त्यात केळीच्या भावाशिवाय काही नव्हतं. पार्सल शिवायला तुझा हात चालतो आणि दोन ओळी लिहायला मोडतो काय?

आता खरं दुखणं ऐक. परवा आमच्या चाळीतल्या राजारामची वरात होती. मुलगी ठाकूरद्वारची. गाडी मी स्वतः सजवली. इथून निघालो तेव्हा ठीक होतं. भायखळ्याला काटा वर सरकायला लागला आणि गिरगावात शिरेपर्यंत पार टोकाला जाऊन बसला. वाडीच्या तोंडाशी वाफेचा असा लोट उठला की मुलीकडच्या बायका ओवाळायला आल्या होत्या त्या ताटं घेऊन मागे पळाल्या. राजाराम मुंडावळ्या सावरत उतरला आणि चालत गेला. त्याचा मामा मला म्हणाला, "ड्रायव्हर, तुमच्या गाडीत भात शिजवतात का?" मुलीकडची माणसं हसली. माझ्या पांढऱ्या कपड्यांवर गंजाचं पाणी उडालं होतं. मी कुठे बघायचं?

आणि गंमत बघ. दुसऱ्या दिवशी तीच गाडी मी रिकामी माहीमपर्यंत नेऊन आणली, भर दुपारी. काटा जागचा हलला नाही. रिकामी असली की गरीब गाय, नवरदेव बसला की हिच्या अंगात येतं. चार माणसांचं ओझं म्हणावं तर शेठच्या वेळी हिने सात-सात माणसं लोणावळ्याला चढवली आहेत, घाट न थांबता.

तुला यातलं कळतं. काय ते कळव. या वेळी चिठ्ठी टाक.

दत्ताराम


॥ श्री ॥
काळाचौकी
२० मार्च १९५८

भिवा,

तू माझी चेष्टा करतोस असं मला वाटायला लागलंय. ब्रेकबद्दल मी जाता जाता एक ओळ लिहिली होती, तर ब्रेकचा पाइप आला. उकळण्यावर पानभर लिहिलं, त्यावर तू मुका. मधल्या कार्डात वायपरचं लिहिलं, तर वायपरचा रबर आला. उकळण्याचं पुन्हा लिहिलं, पुन्हा मुका. तुला वाचता येत नाही असं तर नाही. मग तेवढंच बरं वगळतोस?

मी माझ्या अकलेने सगळं केलं. कासमभाईकडे रेडिएटर उतरवून चिंचेच्या पाण्याने धुतला. इतका गाळ निघाला की त्यात भाजी पेरली असती. नळ्या बदलल्या. रिकामी चालवली, थंड. मग शिमग्याच्या आधी दोन वराती घेतल्या, दोन्ही उकळल्या. एक परळच्या पुलावर, एक दादरला ऐन कबुतरखान्यापाशी. दादरच्या नवरदेवाला मी टॅक्सी करून दिली. आता लोक शेठाणी बघायला बोलावतात आणि वरात टॅक्सीने काढतात.

माझं मत विचारशील तर ही दृष्ट आहे. जानेवारी छप्पनला गोळीबार झाला त्या दिवशी आपण हिच्यातून माणसं केईएमला नेली, मागच्या सीटवर तो रक्ताचा डाग अजून आहे, तेव्हापासून हिच्यावर लोकांची नजर आहे. रिकामी असताना काही नाही, सजली की चार लोकांची नजर पडते आणि ही उकळते. तू होतास तेव्हा सजवायचं काम तुझं होतं. तू चार माळा टपावर आणि मडगार्डवर टाकून मोकळा व्हायचास, पुढचं तोंड बोडकं ठेवायचास. मला ते कधीच आवडलं नाही, पण तुझ्यापुढे कोण बोलणार. आता मी तोंडावरच भरघोस हार घालतो, बॉनेटवरच्या पितळी बदकापासून बंपरपर्यंत, रेडिएटरची जाळी दिसता कामा नये असा. त्यात लिंबं आणि मिरच्या. दादरच्या वेळी तर दुहेरी हार होता. तरी उकळली, म्हणजे नजर किती वाईट असेल याचा विचार कर.

बकुळा म्हणते, "गाडयेक नजर लागली ती लागली, तुमच्या डोक्याक काय झाला?" तिला गाडी म्हणजे सवत वाटते. वर सांगते की सवत परवडली, ती निदान चुलीकडे तरी बसता.

या पत्रालाही उत्तर नसेल तर मी लिहिणं बंद करीन. मलाही मान आहे.

दत्ताराम


काळाचौकी
१७ ऑगस्ट १९५९

भिवा,

वर्षाच्या वर झालं, लिहिलं नाही. रागावलो होतो. अजूनही आहे.

गाडी या पावसाळ्यात ताडपत्रीखाली आहे. उंदरांनी वायरी खाल्ल्या. मीटरचे आकडे पार नव्व्याण्णव हजारांच्या पुढे जाऊन पुन्हा शून्यावर आले होते, ते तू होतास तेव्हाच. आता पुन्हा अर्ध्यावर आलेत. नवीन माणसाला वाटतं गाडी फार चाललेली नाही.

मंडळाचे बाबुराव रोज दारात येतात. बोळातली जागा त्यांना गणपतीच्या मांडवाला हवी आहे. "दत्ताराम, देवासाठी जागा मागतोय, माझ्यासाठी नाही," म्हणतात. कासमभाईलाही या वेळी त्यांनीच आणलं. तो बिचारा सभ्य माणूस. मला म्हणाला, "ये गाडी नहीं, खानदान है. मेरे पास टुकडों में रहेगी तो भी इज्जत से रहेगी." मी त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. का नाही, ते बाबुरावांना कळलं नाही. तुला कळेल.

गाडी मी ढकलून गल्लीच्या तोंडाशी नेली. आता ती भिजते.

वायर हवी आहे. नाही पाठवलीस तरी चालेल.

दत्ताराम


॥ श्री ॥
काळाचौकी
१२ एप्रिल १९६०

भिवा,

वायर आली होती, त्याची पोच दिली नाही. तुझ्याकडूनच शिकलो.

नलूचं लग्न ठरलं हे मला मच्छीवालीकडून कळलं. तिला रखमावहिनीच्या भावजयीने सांगितलं. बकुळा पाटी उतरवत होती, मी आतून ऐकलं. मुलगा नायगावच्या बीडीडी चाळीतला, जगदीश नावाचा, पोस्टात आहे, लग्न मे महिन्यात तिथेच मैदानात. सगळं मच्छीवालीला ठाऊक आणि मला नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही. बांगडा होता तरी.

मला बोलावणं नको, मी मानपान मागायला बसलेलो नाही. पण जगदीशचे दोस्त टॅक्सी बघतायत असंही ऐकलं. भिवा, हे तू होऊ देऊ नकोस. तू माझ्याशी जन्मभर बोलू नकोस. पण पोरीला टॅक्सीत घालून पाठवलीस तर मी इतकी वर्षं या लोखंडाच्या मागे कशाला धावलो ते मला सांग. शिव्या खाल्ल्या, हसू करून घेतलं, बायकोच्या बोलण्याला कंटाळलो. दुसरं कोणतंही कारण नव्हतं.

मी गाडी काढली आहे. सकाळी ट्राम सुरू व्हायच्या आधी एक फेरी मारतो. वायरी तुझ्याच बसवल्या. मागच्या सीटवर बकुळाने तिच्या लग्नातल्या शालूचा पदर कापून आच्छादन शिवलंय. सवतीला. 

पंख्याचा पट्टा चिरलाय. तेवढा पाठव.

आणि उकळण्याचं काय ते सांग. या वेळी तरी सांग. माझा जीव टांगणीला लागलाय.

दत्ताराम


काळाचौकी
३ मे १९६०

भिवा,

पट्टा पोचला. चिठ्ठी नव्हतीच, मी शोधलीही नाही.

महाराष्ट्र झाला. तूही तिकडे गुलाल खेळला असशील. इथे लालबाग-परळ रात्रभर झोपलं नाही. बाबुराव, जे गाडी भंगारात घाला म्हणत होते, तेच हात जोडून आले. मिरवणुकीत पुढे शेठाणी पाहिजे, वयस्कर मंडळी आत बसतील, म्हणाले. मी ठरवलं, हीच परीक्षा. मुंबई मिळाल्याच्या दिवशी हिने दगा दिला नाही तर नलूच्या लग्नाला देणार नाही.

मंडळाच्या पोरांनी तिला अशी सजवली की काचेतून मला फक्त झेंडू दिसत होता. पुढे हार, हारावर हार, त्यावर भगवा कपडा ताणून बांधला. लिंबं मी स्वतः ओवली. बाबुराव फेटा बांधून फूटबोर्डावर उभे राहिले. गणेश टॉकीजच्या पुढे गेलो नसू, काटा चढला. भारतमाता सिनेमापर्यंत मी देवाचं नाव घेत होतो. मग स्फोटच झाला म्हण. झाकण उडालं. बाबुरावांच्या फेट्यावर तांबडं पाणी. आतले म्हातारे दरवाजा उघडेना म्हणून खिडकीतून ओरडत होते. लेझीमवाल्या पोरांनी गाडी ढकलत बाजूला घेतली आणि ढकलताना सगळे "मुंबई आमची" म्हणत होते. राज्य मिळालं आणि माझी गाडी फूटपाथला लागली. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. लोकांना वाटलं आनंदाने रडतोय. एकाने तोंडात पेढा कोंबला.

आता मला मार्ग दिसत नाही. हार, लिंबू, मिरची, दगडावर फोडलेला नारळ, सगळं असून ही उकळते. तुमच्या लग्नात तर यातलं काहीच चालायचं नाही, हे मला कळतं. तू रस्त्यात हार ओढून टाकणारा माणूस, मी तुझ्या दारात लिंबं लोंबकळवत येऊ का? म्हणजे हिला उघडी आणावी लागणार. एवढ्या राखणीत ही अशी वागते, तर उघडी आणल्यावर नायगावात मुलीला घेऊन भर चौकात बंद पडणार. नलूच्या डोळ्यांदेखत, सासरच्या माणसांसमोर. ती वाफ मला आत्ताच दिसते.

म्हणून विचार करतोय की येऊ नये. टॅक्सीच बरी. मी हरलो असं समज.

दत्ताराम


नायगाव, मैदानाबाहेर, पिंपळाखाली
१५ मे १९६०

भिवा,

मी आलोय. तू आत आहेस आणि मी इथून तुझी टोपी बघतोय, पहिल्या रांगेत. तरी लिहितोय, कारण तोंडाने सुरुवात कशी करायची ते मला कळत नाही. ही चिठ्ठी रखमावहिनीच्या हाती पाठवतोय.

आधी का आलो ते सांगतो. आठवड्यामागे पत्रिका आली. पत्ता तुझ्या अक्षरात नव्हता, पोरीच्या होता. छापील मजकुराच्या खाली तिने पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं, "दत्ताकाका, गाडी?" आता यावर माणूस काय करणार?

सकाळी गाडी धुतली. लिंबू-मिरची काढली. हार आणलेलाच नव्हता. डॅशवरचा छोटा गणपती तिथून काढून शर्टाच्या खिशात ठेवलाय, एवढं तू चालवून घे. नारळ फोडल्याशिवाय मी ही गाडी वरातीला कधी काढलेली नाही. बकुळा दारात आली आणि म्हणाली, "तेंच्यात चलणा नाय तर काढून ठेवा. देव रागवाचो नाय. तुमी खंय चल्लात ता तेका ठावक आसा." मग शेजारी येऊन बसली, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

लालबाग गेलं. भारतमाता गेलं, मी तिकडे बघितलंच नाही. परळचा पूल चढताना मी काट्याकडे बघत होतो आणि बकुळा माझ्याकडे. सकाळी दहाचं मेमधलं ऊन, रस्ता तापलेला, आत आम्ही दोघं, बकुळाची बहीण, तिचा नवरा, त्यांची तीन पोरं आणि आहेराची ट्रंक. म्हणजे ओझं होतं. काटा अर्ध्यावर आला आणि तिथेच बसला. मला वाटलं काटाच बिघडला. उतरून रेडिएटरला हात लावला. गरम होता, पण हात ठेवण्याइतका.

तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. इथे आल्यावर पडला. दारावरच्या माणसाला मी जय भीम केला. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग गाडीला, आणि न मागता बादलीभर पाणी आणून ठेवलं. मी म्हटलं, नको, आज लागत नाही. तेवढ्यात वहिनी सरबत घेऊन आली. गाडीकडे बघत म्हणाली, "भावजी, बरं केलंत तिचं तोंड उघडं ठेवलंत. आमचे हे नेहमी म्हणायचे, तोंड झाकलं की तिचा जीव गुदमरतो."

मी आत बघितलं. मांडव फुलांनी भरलाय. खांबांना झेंडू, बुद्धाच्या मूर्तीपुढे फुलं, बाबासाहेबांच्या तसबिरीला माझ्या हाराहून जाड हार. म्हणजे तुमचं फुलांशी काही वाकडं नाही. मग त्या दिवशी लालबागला तू तो हार का ओढलास?

भिवा, तुला फुलांचा राग नव्हता. तिला हवा मिळत नव्हती. जाळीवर हार घातला की वारा आत जात नाही आणि ही उकळते, एवढंच. तू धर्मासाठी हात घातला नव्हतास, गाडीसाठी घातला होतास. मी मात्र तुझा नवा धर्म बघितला आणि तुझा जुना हात विसरलो. तू "आधी हे काढ" म्हणालास आणि पुढचं बोलायला तोंड उघडलंस. मी ते उघडू दिलं नाही. मी तो बाटण्याचा शब्द बोललो.

मला आता इतका राग आलाय की काय सांगू. माझ्यावर येतोय आणि तुझ्यावरही येतोय. अरे गाढवा, एवढी पार्सलं शिवलीस, कुठल्यातरी डबीत "हार टपावर घाल" असा एक कपटा टाकायला तुझं काय जात होतं? राजाराम चालत गेला. दादरचा नवरदेव टॅक्सीने गेला. बाबुरावांचा फेटा फुकट गेला. मी चिंचा घासत बसलो. मी नजर उतरवत होतो आणि दर खेपेला आणखी जाड हार घालून तिचा गळा दाबत होतो. आणि तू भुसावळला बसून माझी पत्रं वाचत होतास आणि सगळं कळत होतं तुला. मी हार बदकापासून बंपरपर्यंत घालतो असं स्वतःच्या हाताने लिहिलं, ते वाचून तू हसलास की रडलास?

मला माहीत आहे तू का लिहिलं नाहीस. एकदा सांगायला आलास आणि त्यावर काय ऐकून गेलास. दुसऱ्यांदा कोण सांगेल? मीही सांगितलं नसतं. पार्सलंसुद्धा पाठवली नसती. तू पाठवलीस.

तो शब्द मी तुला बोललो होतो, त्याचं मला फार वाईट वाटतं. त्या दिवशी संध्याकाळपासून वाटतंय. हे लिहायला इतकी पत्रं लागली.

आत कुणीतरी पाली म्हणतंय. मला कळत नाही, पण ऐकायला बरं वाटतंय. नलू पांढऱ्या साडीत बसली आहे, तिने मघाशी मान वळवून गाडी बघितली. हॉर्न वाजवावा असं वाटलं, पण वाजवला नाही.

मी गाडीतच बसलोय. इंजिन बंद केलेलं नाही, कारण माझा खांदा आता हँडल मारायच्या लायकीचा नाही आणि तिचा भरवसा अजून मला नाही. काटा अर्ध्यावर आहे. पेट्रोल जळतंय, पण ते दोघांचं मिळून जळतंय.

मंत्र संपले की बाहेर ये. पोरीला आणि जावयाला नंतर आण, आधी एकटा ये. आणि येताना मांडवातला एक हार घेऊन ये. नवरा-नवरीची गाडी आहे, बोडकी जाऊ नये. कुठे घालायचा ते तू सांग.

दत्ताराम